परकं असूनही आपलं झालेलं शहर

मोराबंदर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते. जगातलं तुमचं सगळ्यात आवडतं शहर कोणतं? तिथे राहिला असाल, कामानिमित्त गेला असाल किंवा चार दिवसांच्या सहलीत पाहिलं असेल, काहीही चालेल. फक्त प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते. त्या शहरातली कुठली गोष्ट तुमच्याबरोबर घरी आली, ते लिहा.

सुरुवात मी करते. माझं शहर इस्तंबूल.

मी मूळची उरणची. लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे मोऱ्याहून लाँच धरायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. ओहोटीला गाळामुळे लाँच लागायची नाही, मग पाणी चढेपर्यंत बसून राहायचं. आई तिथेच डबा उघडायची. मोठ्या शहरात पाण्यावरून शिरायचं असतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं आहे.

२०१७ मध्ये नवऱ्याच्या कामामुळे आम्ही पाच महिने इस्तंबूलला होतो. घर कादिकॉयला, म्हणजे आशियाच्या बाजूला. तिकडे बोटीला वापूर म्हणतात. कादिकॉयहून वापूर सुटली की वीसेक मिनिटांत पलीकडे एमिनॉन्यूला, म्हणजे युरोपात. आपल्याकडे लोकलने जावं तसे लोक रोज जातात. आत चहावाला थाळी घेऊन फिरतो. कंबरेत बारीक असलेला काचेचा इवलासा ग्लास, खाली बशी, बशीत साखरेच्या वड्या. बाहेरच्या बाकावर बसलं की सीगल बोटीच्या बरोबरीने उडत येतात आणि लोक त्यांना सिमितचे तुकडे टाकतात. सिमित म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं. समोर आयासोफ्याचा घुमट हळूहळू मोठा होत जातो. ५३७ सालची वास्तू. आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. वापूरवरून ती रोज दिसायची, पण आत मी दोनदाच गेले.

मुलीला शाळेत सोडून मी साडेनवाची वापूर धरायचे, पलीकडे बाजार करायचे आणि परत यायचे. डाव्या हाताच्या बाकावर एक आजोबा ठरलेल्या जागी बसलेले असत. पहिल्या आठवड्यात त्यांनी पिशवी उचलून मला जागा करून दिली. पुढे पुढे ते माझ्यासाठी बाकावर वर्तमानपत्र ठेवू लागले. मला तुर्की येत नव्हतं, त्यांना इंग्रजी. मधे दोन दिवस तापाने मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, 'हस्ता?' त्याचा अर्थ आजारी. माझ्या कानाला तो आपला 'खस्ता' वाटला आणि नेमकं काय विचारताहेत ते कळलं. मी मान हलवली. त्यांनी चहावाल्याला हाक मारली आणि माझ्या चहाचे पैसे दिले.

ते शहर आवडायला मला एवढं पुरलं. आता तुमचं सांगा.

सांजपाखरू
छान धागा. वाचते आहे, लिहीन सवडीने.

खारवी
मोराबंदर, तुमच्या शहराच्या मधून मी निदान तीस वेळा गेलो आहे.

मी रत्नागिरीचा. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. काळ्या समुद्रात धान्य भरायला जायचं म्हणजे बोस्फोरसमधून जाणं आलंच. सुमारे तीस किलोमीटरची चिंचोळी वाट, आणि अगदी अरुंद जागी जेमतेम सातशे मीटर. दोन्ही काठांवर माणसं राहतात. कांदिलीपाशी ४५ अंशांचं वळण आहे, तिथे प्रवाहही जोराचा. त्या वळणावर आमच्या पुलावर कुणी बोलत नसे (जहाजाचा पूल, जिथून ते चालवतात). आणि त्याच वेळी तुमच्या त्या वापूर आडव्या जात असतात, अगदी निवांत.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला आनंद होईल. तिथे पाणी एकाच वेळी दोन दिशांना वाहतं. काळ्या समुद्रात मोठ्या नद्या येतात, त्यामुळे त्याचं पाणी कमी खारट आणि हलकं. ते वरच्या थरातून दुसऱ्या टोकाच्या मार्मारा समुद्राकडे वाहतं. मार्माराचं पाणी जास्त खारट, जड. ते तळाशी उलट काळ्या समुद्राकडे जातं. खाडीच्या तोंडाशी जाळं टाकणाऱ्याला असलं काही सांगावं लागत नाही. भरतीच्या वेळी वरचं पाणी एकीकडे आणि जाळ्याचं बूड दुसरीकडे, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर मी फक्त तिथे पाहिलं.

रात्रीचं गेलो की दोन्ही काठांवर दिवे, खिडक्यांत जेवायला बसलेली माणसं दिसायची. एकदा एका गच्चीवरून लहान मुलाने हात केला, मीही केला. माझं जगातलं आवडतं शहर हेच, आणि मी तिथे एकदाही पाऊल ठेवलेलं नाही.

मोराबंदर
एकदाही नाही? खारवीदादा, हे वाचून गलबलून आलं.

खारवी
नाही. आमचं जहाज तिथे थांबायचं नाही. नांगर टाकून वाट बघावी लागली तरी ती शहराबाहेर, आणि खाली उतरायची परवानगी नसे.

वसईकर
माझं शहर लिस्बन. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाचं लिस्बनशी नातं सरळ नसतं. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. धर्म, आडनावं, नाताळच्या करंज्यांसोबतचे केक हे सगळं त्या दोनशे वर्षांतलं, आणि त्याबरोबर झालेला जाचही त्यातलाच. मग चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि तिथल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा आमच्या वसईची. लहानपणी वडिलांनी ती मुद्दाम नेऊन दाखवली होती. 'ही आपली,' एवढंच म्हणाले होते. ती तिथे आहे याचं दुःख त्यांच्या आवाजात नव्हतं आणि अभिमानही नव्हता. ओळख होती.

२०१४ ला कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष लिस्बनला गेलो. पहिल्या दिवशी घरमालकीणबाईंनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या, 'शाव्ह.' मी मनात म्हटलं, चावी. मग दिवसभर तेच चालू. साबण, अननस, कोबी, फीत, पगार, लिलाव. हे सगळे शब्द आपल्याकडे तिकडून आले. घरी आईला फोन करून रोज एकेक नवा सांगायचो आणि ती म्हणायची, 'हा तर आपलाच शब्द.'

१ नोव्हेंबर १७५५ ला, सगळ्या संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना तिथे भूकंप झाला. मागून समुद्राची लाट आली आणि मग कित्येक दिवस आग. कार्मोच्या मठाचं छप्पर तेव्हा पडलं ते त्यांनी पुन्हा घातलंच नाही. कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि वर सरळ आभाळ. मी पहिल्यांदा आत शिरलो आणि थबकलो, कारण वसई किल्ल्यातली बिनछपराची चर्चं मी अशीच पाहत मोठा झालो. तिथे भूकंप, इथे लढाई आणि मागची ओस वर्षं. पण खाली उभं राहून वर बघणाऱ्याला आभाळ सारखंच दिसतं.

खालची बाइशा ही पेठ त्यांनी भूकंपानंतर नव्याने वसवली. तेव्हाचे मंत्री पोंबाल यांच्या इंजिनिअरांनी घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा बसवला. हलला तरी तुटू नये असा. नमुना करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तो तपासला, असं सांगतात. ती घरं आजही वापरात आहेत.

आणि तिथल्या साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात पेस्ट्रीशेजारी समोसा असतो. म्हणतात शामुसा. त्रिकोण लहान, पापुद्रा पातळ. गोवा आणि मोझांबिककडच्या लोकांबरोबर तो तिकडे पोहोचला. घरची आठवण आली की मी तो घ्यायचो. गोडाला इतर कुणाला पास्तेल द नाता आवडो, माझी भूक शामुशानेच भागायची.

घाटमाथा
वसईकर, सुंदर. साबणाबद्दल एक भर: 'साबाँव' हे पोर्तुगीज, पण अरबीत 'साबून' आणि तुर्कीतही 'साबुन' आहेच, आणि मूळ लॅटिनकडे जातं. म्हणजे तुमच्या लिस्बनला आणि मोराबंदर यांच्या इस्तंबूलला एकाच साबणाने हात धुता येतात.

रुआ_नोव्हा
मी लिस्बनमध्येच राहते, नऊ वर्षं झाली. वसईकर यांचं सगळं खरं आहे आणि तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अल्फामातल्या आमच्या गल्लीत मी आले तेव्हा अकरा घरांत जुनी कुटुंबं होती. आता तीन आहेत. बाकीची पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात. शेजारच्या आजी साठ वर्षांनंतर मुलीकडे नदीपलीकडे राहायला गेल्या, कारण भाडं झेपेना. त्या जाताना दारातली तुळस (आपल्या तुळशीची बहीणच, तिकडे मांझेरिकु म्हणतात, जूनमधल्या सांत आंतोनियुच्या सणाला कुंडीत देतात) मला देऊन गेल्या. शहरावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ते शहर कुणाच्या खर्चाने बघतोय हे मनात ठेवावं, एवढंच माझं मागणं. आलात तर छोट्या खानावळीत जेवा, अठ्ठावीस नंबरच्या ट्रामची जागा बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या म्हातारीला द्या.

वसईकर
रुआ_नोव्हा, मान्य. माझी खोलीही त्याच बाजारभावाने मिळाली होती, हे तेव्हा कळत नव्हतं. तुळशीचं वाचून घर आठवलं.

मांजराकाठ
आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, पण या धाग्यावर सांगावंसं वाटतंय. माझं शहर व्हिएन्ना, आणि कारण नळाचं पाणी.

मी लातूरचा. २०१५ च्या ऑक्टोबरात शिकायला व्हिएन्नाला गेलो. घरी तेव्हाच नळाला पाणी येणं बंद व्हायला लागलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. 'जलदूत' नाव होतं गाडीचं. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली असेल. आई फोनवर सांगायची, आज चार घागरी मिळाल्या, आज दोन.

आणि मी खोलीतला नळ उघडला की आल्प्समधल्या झऱ्याचं पाणी यायचं. बर्फासारखं थंड, उन्हाळ्यातसुद्धा. सुरुवातीचे काही आठवडे मला ते पिताना घशात अडकायचं. दात घासताना नळ चालू राहिला तर हात आपोआप जायचा.

मग मी शोधायला लागलो की हे पाणी येतं कुठून. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचं पाणी घाण होतं, विषमज्वर आणि पटकीने माणसं मरत. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने नगरपालिकेत आग्रह धरला की नदीचं नाही, डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी आणायचं. विरोध झाला, खर्च प्रचंड होता. १८७३ साली पहिली वाहिनी सुरू झाली, १९१० ला दुसरी. पाणी केवळ उतारावर वाहत शहरात येतं, वाटेत पंप नाही. श्वार्झेनबर्गप्लाट्झवर मोठं कारंजं आहे, ते पहिलं पाणी आलं त्या दिवसासाठी बांधलेलं. मी तिथे जाऊन बसायचो.

आणि हेच झ्यूस म्हणजे ज्यांनी 'गोंडवनालँड' (फार प्राचीन काळचा महाखंड) हे नाव जगाला दिलं. आपल्या गोंडांच्या मुलखावरून! हे ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी त्या माणसाशी आपली फार जुनी ओळख असल्यासारखं वाटलं.

तिथल्या कॉफीहाउसमध्ये कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास न मागता येतो. तो संपला तर पुन्हा भरून आणतात. ऑपेरा, राजवाडे हे सगळं आहे, उभ्याने ऑपेरा स्वस्तात ऐकता येतो, तोही ऐकला. पण माझ्या लेखी ते शहर म्हणजे तो पाण्याचा ग्लास. आता मी पाण्याच्या क्षेत्रातच काम करतो, मराठवाड्यात.

सांजपाखरू
मांजराकाठ, काय लिहिलंत! आम्ही मनमाडचे. आमच्याकडे पाणी कधी येईल त्यावर लग्नाच्या तारखा ठरवताना पाहिलंय. आईला माझा नमस्कार सांगा.

निळी_पहाट
मी नागपूरची, परिचारिका आहे. लंडनला सहा वर्षं झाली. हवा आवडत नाही, भाडं परवडत नाही, तरी माझं शहर लंडन.

पहिल्या हिवाळ्यात रात्रपाळी संपली की सकाळी घरी जायची इच्छाच होत नसे. घर म्हणजे एक खोली. मग चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत १०, किंग हेन्रीज रोडला जायचे. बाबासाहेब १९२१-२२ ला तिथे राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं. पहिल्यांदा गेले तेव्हा वेळ झालेली नव्हती, दार बंद होतं. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. डोक्यात एकच यायचं, की इथून ते रोज ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात, दिवसभर वाचत, आणि १९२३ ला रुपयावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळवली. उपाशीपोटी. आपली रात्रपाळी मग जड वाटेना.

नंतर समजलं की या शहरातली मोठी संग्रहालयं फुकट आहेत. कुणालाही, कितीही वेळा. खिशात बसभाड्याएवढेच पैसे असताना मी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसले आहे आणि दारावर मला कुणी 'तुम्ही कोण' असं विचारलं नाही. माझ्या आजीला गावातल्या विहिरीवर विचारत असत.

मोराबंदर
निळी_पहाट, तुमचा शेवटचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला.

टेकडी_पलीकडे
सिंगापूर. कारण रात्री साडेअकराला एकटी चालत घरी येते आणि मागे पावलं वाजली तरी वळून बघत नाही. पुण्यात पस्तीस वर्षं राहिले, तिथे जीव आहे माझा, पण ही मोकळीक मला चाळिशीत पहिल्यांदा कळली. दुसरं म्हणजे हॉकर सेंटर, एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल. मलय, चिनी, तमिळ सगळे एकाच टेबलावर, बांधकामावरचा कामगार आणि बँकेतला साहेब शेजारी शेजारी.

प्राजक्त
मी निवृत्त शिक्षिका. लेक क्योतोला असते म्हणून तीनदा जाणं झालं. सोन्याचं मंदिर, फाटकांची रांग सगळं पाहिलं, गर्दीही पाहिली. पण मन राहिलं ते सांजूसानगेनदो या देवळात.

लांबच लांब लाकडी दालन, एकशेवीस मीटरच्या आसपास. आत कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती, रांगेत उभ्या. आधीची वास्तू आगीत गेली, ही १२६६ ची. आगीतून वाचवलेल्या १२४ मूर्ती त्यात आहेत. कुणीतरी जळत्या देवळातून त्या उचलून बाहेर आणल्या असतील, हे माझ्या मनातून जात नाही. त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देव आहेत. लेक मजकूर वाचून दाखवत होती आणि मी एकेकाला ओळखत चालले होते. इंद्र, कुबेर, नारायण, वसू ऋषी. जावई जपानी आहेत, ते चकित होऊन माझ्याकडे बघत होते. मग एक पंखवाला, चोचीचा देव आला, हातात बासरी. लेक म्हणाली, 'कारुरा.' मी म्हटलं, 'अगं, हा आपला गरुड.' पण गरुडाच्या हातात बासरी मी जन्मात पाहिली नव्हती. आपल्याकडे बासरी ज्याच्या ओठांवर, त्याला हा पाठीवरून नेतो. तिथे पोहोचेपर्यंत कुणीतरी ती वाहनाच्याच हाती दिली. मी हात जोडले. शेजारच्या जपानी आजींनीही माझ्याकडे बघून जोडले.

फोटो काढू देत नाहीत. बरं आहे.

घाटमाथा
प्राजक्तताई, मराठी माणसाला दूरदेशी ओळखीची खूण सापडणं म्हणजे काय, ते मला तंजावरला कळलं. परदेश नाही, पण माझ्यासाठी तेच जगातलं आवडतं शहर. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे, मराठीत, सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवलेला. हजार वर्षांच्या चोळ देवळात बोट फिरवत मी आपली भाषा वाचली. बाहेर फुलं विकणाऱ्या बाई तमिळ बोलत होत्या. रिक्षावाल्याने मी मराठी आहे हे कळल्यावर थेट सरस्वती महाल ग्रंथालयासमोर नेऊन उभं केलं. मी पत्ता सांगितलेला नव्हता.

खारवी
सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस झोप नीट नाही. माझी मिसेस म्हणाली, 'बावीस वर्षं मधून गेलात, एकदा बाजूला उतरा की.' ऑक्टोबरमध्ये जायचं ठरवतोय, दोघंच. मोराबंदर, तुम्ही सांगा, घर कुठे बघू?

मोराबंदर
दादा, ऑक्टोबर उत्तम! त्या सुमारास तिथे मासळीचा मोसम सुरू होतो. पालामुत आणि ल्यूफेर दोन्ही मिळतात, आणि पुढे थंडीत हमसी, साधारण आपल्या मांदेलीएवढी, तळून खातात. घर कादिकॉयला बघा, बाजारातली मासळीची गल्ली चालत जाण्याजोगी असावी. वहिनींना तिथली दुकानं बघायला फार आवडतील. पाण्याखालून मार्माराय नावाची रेल्वे आहे, पटकन नेते, पण तुम्ही तिने जाऊ नका. सकाळची वापूर धरा. जाताना डाव्या हाताला बाहेर बसा. आणि उस्कुदारहून वर बोस्फोरसमध्ये जाणारी बोटही एक दिवस नक्की घ्या, कांदिलीला उतरा. तिथे काठावर चहाची टपरी आहे, टेबलं अगदी पाण्याला लागून.

खारवी
कांदिलीला उतरता येतं?

मोराबंदर
हो, छोटा धक्का आहे. वळण तिथून समोर दिसतं. एखादं मोठं मालवाहू जहाज येईपर्यंत थांबा.

खारवी
थांबेन. हात करेन.